मुड्यांचा तक्ता

१९४६ सालच्या जानेवारीत एका रविवारी दुपारी चार वाजता कर्जत बाजारपेठेतल्या एका वाचनालयात मी ‘बियाण्याचा मुडा’ हा निबंध वाचला. निबंधाची पाने चौदा होती. तेरा पाने शांतपणे ऐकली गेली. चौदाव्या पानावर एक तक्ता होता. तक्त्यात सात ओळी होत्या आणि सातव्या ओळीत माझी आत्या होती.

मुडा म्हणजे भाताचे बी पेंढ्यात भरून, बाहेरून पेंढ्याच्याच दोरांनी आवळून केलेले गोल, घट्ट गाठोडे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत बियाणे असेच ठेवीत. काही घरांत आत निरगुडीचा पाला घालीत, काही घरांत राख, काही घरांत नुसतेच बांधीत. कोणत्या मुड्यातले बी अधिक रुजते याबद्दल प्रत्येक घराची खात्री होती आणि प्रत्येक घराची खात्री वेगळी होती. मोजलेले कोणीच नव्हते. मी मोजत होतो. मुड्याच्या पोटात दोन बोटे घालून मूठभर दाणे काढायचे, भोक पेंढ्याने बुजवायचे, शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवायचे आणि पाचव्या दिवशी किती रुजले ते वहीत लिहायचे. माझे संशोधन एवढेच होते.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडील खालापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. आत्या त्यांची थोरली बहीण. ती कडावला राहत असे. विधवा, एक म्हैस, दोन खाचरे. नदीकाठच्या खाचरात ती एक तांबड्या कुसळांचे भात लावी. ते पाण्यात आठ दिवस बुडाले तरी सडत नसे. तिच्या सासूने ते माहेरून आणले होते, म्हणून घरात त्याला सासूचे भात म्हणत. गावात ते आणखी कोणाकडे नव्हते. आदल्या पावसाळ्यात नदीने त्या खाचरावर रेती टाकली, त्यामुळे नवे बियाणे निघाले नाही. सासूचे भात आता आत्याच्या माळ्यावरच्या तीन जुन्या मुड्यांत होते, आणि फक्त तिथेच होते.

तीन मुडे माझ्यामुळे होते. तिला एकच पुरला असता. निरगुडीचा एक, राखेचा एक आणि साधा एक, असे तीन बांधून दोन वर्षे ठेव, असे मी सांगितले आणि तिने ठेवले. ते दिवस लेव्हीचे होते. सरकारने ठरवून दिलेले भात प्रत्येक घराने सरकारला घालायचे आणि पोटापुरते व बियाण्यापुरते ठेवायचे. आत्याच्या वाट्याला बियाण्याचा एक मुडा बसत होता. दोन जादा होते. जादा सापडले तर बियाण्यासकट सगळेच उचलून नेतात, अशी गावोगाव बोलवा होती. ती खरी होती का, याची मी तेव्हा खात्री केली नाही. मी निबंधाला जागा शोधत होतो.

जागा हवी होती कारण एम.एस्सी.साठी कॉलेजात विद्यावेतनाची एकच जागा होती आणि अर्जात एक अट होती. उमेदवाराचा किमान एक निबंध मान्य नियतकालिकात छापलेला किंवा मान्य सभेपुढे वाचलेला असावा. मान्य म्हणजे कोणाला मान्य, हे अर्जात नव्हते. मार्चअखेरची मुदत मात्र होती. अटीसमोर एक चौकट होती आणि चौकट रिकामी ठेवू नये अशी खाली सूचना होती.

पहिल्यांदा मी कॉलेजच्या वार्षिक अंकाकडे गेलो. कागदाचे नियंत्रण असल्याने मराठी विभागाला आठ पाने होती. त्यांतली दोन प्राचार्यांच्या अहवालाला आणि एक प्राचार्यांच्या छायाचित्राला जात. संपादक इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी निबंध परत केला. ‘भात आणि मी’ असा दीड पानांचा हलकाफुलका मजकूर लिहिलास तर पाहू, म्हणाले. तक्ता नको, पण एखादी आठवण चालेल. थोडे चांदणे असेल तर उत्तम.

पुण्याच्या एका मंडळाला पत्र लिहिले. उत्तर आठ दिवसांत आले, ते एकंदर सर्वांत तत्पर उत्तर होते. मंडळ फक्त इतिहासाचे निबंध घेई. मुडा पेशवाईतला असल्यास आणि तसा कागद उपलब्ध असल्यास कळवावे, असे त्यात होते.

आमच्या ज्ञातीचे एक मासिक निघे. त्याच्या संपादकांनी निबंध ठेवून घेतला. मुडा बांधण्याची कला प्रथम आपल्या ज्ञातीने शोधली असा एक परिच्छेद सुरुवातीला घातला तर पुढचा सगळा मजकूर जसाच्या तसा छापू, असे त्यांनी कळवले. ही कला दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्याच ज्ञातींना येते, असे मी उत्तर दिले. त्यावर निबंधाबद्दल काही आले नाही. मात्र तीन आठवड्यांनी वडिलांच्या नावाने त्याच संपादकांचे एक पत्र आले. चिरंजीवांचे शिक्षण, वर्ण आणि उंची विचारली होती आणि पनवेलकडच्या एका मुलीची माहिती दिली होती. निबंधाची अशी दखल घेतली गेल्याने वडील खूष झाले. “निदान कोणी वाचला तरी,” ते म्हणाले.

मग मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. मुंबईतल्या एका शास्त्रसभेचे ते सभासद होते. पदवी नसलेल्याला त्या सभेपुढे वाचता येत नसे. सभासदाने आपल्या नावाने वाचला तर हरकत नव्हती. प्राध्यापकांनी निबंध आठ दिवस ठेवून घेतला.

“मुडा म्हणजे टोपली ना?” त्यांनी विचारले.

“नाही सर. टोपली विणतात. मुडा बांधतात.”

“टोपलीच लिही. बाहेरच्या लोकांना कळायला हवं. आणि हे काय लिहिलंयस, ‘काही शेतकऱ्यांच्या घरी, माळ्यावर’? काही म्हणजे कोण? माळ्यावर म्हणजे कुठे? शास्त्रात मोघम चालत नाही. घर लिही, माणूस लिही, किती मुडे ते लिही, कुठे ठेवलेत ते लिही. उद्या कोणी तपासायला गेलं तर त्याला सापडले पाहिजेत.”

मी तक्ता केला. गाव, घरधन्याचे नाव, मुडे किती, आत काय घातले, ठेवण्याची जागा. सातही घरांत मी स्वतः माळ्यावर चढलो होतो, त्यामुळे जागा लिहायला अडचण आली नाही. पोशीर: स्वयंपाकघरावरचा माळा, हंड्यांच्या मागे. पळसदरी: गोठ्याच्या आढ्याला टांगून, वर घोंगडी. कडाव: माळ्याचा पश्चिम कोपरा, पेंढ्याआड. प्राध्यापकांनी तक्त्याची फार स्तुती केली. निबंध त्यांनी पुढच्या वर्षी त्या सभेपुढे वाचला. त्यावर नाव त्यांचे एकट्याचे होते. माझा उल्लेख तळटीपेत ‘एक स्थानिक मदतनीस’ असा होता आणि सगळीकडे टोपली होती. पण ते पुढचे झाले. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी एवढेच सांगितले की यंदा त्यांना वेळ नाही.

उरले कर्जतचे वाचनालय. त्याची दर हिवाळ्यात व्याख्यानमाला होई. सहावे व्याख्यान उपनिषदांतील आनंदकल्पनेवर होते आणि वक्ते आजारी पडले होते. वाचनालयाचे चिटणीस एका वकिलाकडे कारकून होते. मी विषय सांगितला तेव्हा ते व्याख्यानाच्या फळ्यावरचा ‘आनंद’ पुसत होते.

“भात ना? चालेल,” ते म्हणाले. “उपनिषदांना गेल्या वर्षी नऊ माणसं आली होती. त्यांतली दोन कुलूप लावायला थांबलेली. तुमच्या निबंधात शेतकऱ्यांची नावं आहेत का?”

“एक तक्ता आहे.”

“मग झालं तर! गावांना निरोप देतो, सभेत तुमचं नाव वाचणार म्हणून. नाव वाचणार म्हटलं की आपल्याकडे माणूस दोन कोस चालत येतो. देणगीदारांची यादी वाचतो ना दर वर्षी, अनुभव आहे. पाच रुपयेवाला पहिल्या रांगेत बसतो.”

“अध्यक्ष कोण?”

“ते माझ्यावर सोडा.”

आमच्याकडे अध्यक्षाशिवाय सभा होत नाही. अध्यक्षाला विषय कळण्याची आवश्यकता नसते. त्याला हुद्दा असावा लागतो. शिवाय वाचनालयाचा दिवा चार महिने रॉकेलवाचून बंद होता, म्हणून तर सभा दुपारी चारला होत्या. रॉकेलचा कोटा तालुक्यातल्या ज्या अधिकाऱ्याच्या शिफारशीवर मिळे, तो आठच दिवसांपूर्वी बदलून आला होता. तो कविता करतो आणि त्याला ऐकणारे हवे आहेत, ही माहिती चिटणिसांनी चौथ्या दिवशी मिळवली. त्यांनी त्याला अध्यक्ष केले. त्या अधिकाऱ्याचे मुख्य काम लेव्ही वसूल करण्याचे होते. चिटणिसांना हे ठाऊक होते. माझा निबंध मात्र त्यांनी वाचला नव्हता. मला निबंध ठाऊक होता, पण अध्यक्ष ठाऊक नव्हते. मी त्याच दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईहून आलो होतो.

श्रोते बावन्न आले. वाचनालयाच्या इतिहासात एवढे कधी आले नव्हते, असे चिटणिसांनी मला तीनदा सांगितले. तक्त्यातली सातही घरे हजर होती. पोशीरचा शेतकरी धुतलेले धोतर नेसून पहिल्या बाकावर बसला होता. पळसदरीच्या माणसाने नाव ऐकण्यासाठी व्याह्यांना बरोबर आणले होते. आत्या शेजारच्या दोन बायकांबरोबर दाराजवळ जमिनीवर बसली होती. तिने ठेवणीतले लुगडे काढले होते.

“किती येळ वाचनार रं?” तिने मला आत शिरताना विचारले. “म्हशीला पानी दावायचंय.”

“तास लागेल.”

“आनि माझं नाव?”

“शेवटी.”

“शेवटी कशापायी? पोशीरवाल्याच्या आदी घाल की. आपल्या घरचं काम हाय.”

चिटणिसांनी अध्यक्षांचा परिचय करून दिला. तो पस्तीस मिनिटे चालला. त्यात अध्यक्षांचे वृत्तांवरचे प्रभुत्व आले, आवाज आला, निसर्गावरचे प्रेम आले. हुद्दा आला नाही. अध्यक्षांनीच तसे सुचवले होते. आज अधिकारी म्हणून नको, रसिक म्हणून, असे ते म्हणाले होते. ते बारीक अंगाचे होते. गळ्यात मफलर होता आणि हातात एक काळी वही होती. मी वाचायला लागलो तेव्हा त्यांनी वही उघडली. नवव्या पानावर कडावच्या नदीकाठच्या सासूच्या भाताचे वर्णन होते, तांबडी कुसळे, पाणी उतरल्यावर उभे राहणारे रोप वगैरे. तिथे त्यांनी मान वर करून मला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. मला फार बरे वाटले. त्यानंतर त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि ते थांबले नाहीत.

चौदाव्या पानावर मी तक्ता वाचू लागलो. पहिली ओळ पोशीरची होती. नाव वाचताच पहिल्या बाकावरचा माणूस अर्धवट उठून सगळ्यांना दिसला आणि बसला. “चार मुडे,” मी वाचले. “निरगुडीचा पाला. स्वयंपाकघरावरचा माळा, हंड्यांच्या मागे.” मागून कोणी तरी वा म्हटले. दुसरी ओळ पळसदरीची होती. व्याह्यांनी मान डोलावली. तिसरी ओळ वाचत असताना पोशीरच्या माणसाचे लक्ष दाराबाहेर गेले. बाहेर एक पट्टेवाला बशीतून चहा पीत उभा होता.

“आरं, त्यो पट्टेवाला लेव्हीचा हाय,” तो शेजाऱ्याला म्हणाला. तो हळू बोलला असे त्याला वाटले, पण मला ते व्यासपीठावर ऐकू आले. “परवा आमच्या गावात व्हता.”

“मंग त्येचा सायेब?”

“सायेब म्हंजे... आगं बया! खुर्चीत बसलाय त्योच की रं!”

“आनि लिवतोय!”

अध्यक्ष खरेच लिहीत होते. हे शेवटच्या बाकापर्यंत पोचायला माझी चौथी ओळ वाचून होण्याइतका वेळ लागला. पाचवी ओळ मी वाचू शकलो नाही. पोशीरचा शेतकरी उभा राहिला होता.

“अध्यक्ष म्हाराज, मला शंका हाय,” तो म्हणाला. व्याख्यानमालेत शंका विचारायची पद्धत होती. तोपर्यंत ती कोणी वापरली नव्हती. “माझं नाव ह्येनी वाचलं. माझ्या माळ्यावर मुडा नाय. माझ्या घराला माळाच नाय.”

“माळा नाय?” त्याच्याच गावचा एकजण मागून म्हणाला. “मंग पोरीच्या लग्नात हंडे कुठून उतरवलेस रं?” त्याला दोन्ही बाजूंनी कोपरे बसली.

पळसदरीचा माणूस उठला. आमच्यात मुडा बांधतच नाहीत, आम्ही बी उसने आणतो, गोठ्याला आढे नाही, आणि घोंगडी तर व्याह्यांची आहे, असे त्याने सांगितले. व्याह्यांनी ताबडतोब घोंगडी नाकारली. तिसऱ्याने आपण त्या गावचेच नाही म्हटले. ज्याचे नाव सहाव्या ओळीत होते आणि अजून वाचलेही नव्हते, तो हात जोडून म्हणाला, “मास्तराच्या पोरा, माझं पुढं कुठं आसंल तर आत्ताच खोड.” पुढच्या आयुष्यात मी बातमीसाठी अनेक परिषदांना बसलो. एका तक्त्यावर इतकी बारकाईची आणि इतकी एकमताची टीका मी परत ऐकली नाही.

आत्या सर्वांत शेवटी उठली. तिचे नाव वाचले गेले नव्हते. ती गप्प बसली असती तरी चालले असते. पण कागद माझ्या हातात होता आणि सभा संपल्यावर तो अध्यक्षांच्या हातात देण्याची रीत होती. तिला ते ठाऊक होते, कारण मीच तिला ते अभिमानाने सांगितले होते.

“ह्यो माझा भाचा हाय,” ती पदर सावरीत म्हणाली. “सख्ख्या भावाचा पोरगा. म्हनून सांगते, ह्येचं कायबी खरं धरू नका. ल्हानपनापासून थापाड्या. नाय त्ये बगायचं आनि वहीत लिवून ठिवायचं. सा वर्सांचा व्हता तवा इहिरीत वाघ पायला म्हनून समदा गाव पळवलान ह्येनं. मानसं भाले घेऊन आली. इहिरीत काय? बेडूक.”

बावन्न माणसे हसली. वाघ नव्हता हे खरे आहे. तरस होते, आणि ते विहिरीत नव्हते, विहिरीपाशी होते. ही दुरुस्ती मी तेव्हा केली नाही.

“आनि मुडे म्हंता,” आत्या पुढे म्हणाली, “तर मी एकली बाई. माझ्या माळ्यावर मांजर व्यालं हाय, त्ये पायजे तर मोजून न्या.”

गडबड वाढली तेव्हा अध्यक्षांनी वहीतून डोके वर काढले. काय चालले आहे ते चिटणिसांनी त्यांच्या कानात सांगितले. चिटणीस घामाघूम झाले होते. मुड्यांचा आणि लेव्हीचा संबंध त्यांच्याही ध्यानात नुकताच आला होता आणि रॉकेल हातचे जाताना दिसत होते.

“निबंधकारांचं यावर काय म्हणणं आहे?” अध्यक्षांनी विचारले.

मी आत्याकडे पाहिले. ती भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होती.

“तक्त्यात चूक असू शकेल,” मी म्हणालो.

“कोणत्या ओळीत?”

“सगळ्या.”

पोशीरच्या शेतकऱ्याने टाळी वाजवली. त्याच्या पाठोपाठ सभागृहाने वाजवली. मी चौदावे पान घडी करून खिशात घातले आणि तेरा पाने अध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती न पाहता टेबलावर ठेवली, उभे राहून घसा साफ केला आणि अध्यक्षीय समारोप म्हणून एक कविता वाचली. ती त्यांनी त्याच सभेत रचली होती. तांबड्या कुसळांवर होती, सात कडव्यांची. ती चालू असताना शेतकरी एकेक करून बाहेर पडले. पाचव्या कडव्याला वाचनालयाच्या कार्यकारिणीचे पाचजण आणि मी उरलो होतो.

अर्जाला जोडण्यासाठी मी चिटणिसांकडे दाखला मागितला. कागद नव्हता, म्हणून त्यांनी तो जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिला. निबंध वाचला. चर्चा झाली. निबंधातील माहिती चुकीची असल्याचे निबंधकाराने स्वतः मान्य केले. अध्यक्षांच्या काव्यवाचनाने सभा आनंदात संपली. खाली चिटणिसांची सही होती. दाखल्यात एकही शब्द खोटा नव्हता, त्यामुळे बदल सुचवता आला नाही. पुढच्या आठवड्यात वाचनालयाला अर्धा डबा रॉकेल मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडावला गेलो. आत्याचा माळा रिकामा होता.

“मुडे कुठे आहेत?” मी विचारले.

“कंचे मुडे?”

“आत्या, मी आहे.”

“तू हाईस म्हनूनच इचारते. कंचे मुडे?” मग तिने हनुवटीने गोठ्यामागच्या उकिरड्याकडे दाखवले. खड्डा ताज्या शेणाने वरपर्यंत भरला होता. “तिथं सायेब काय, सायेबाचा बाप हात घालायचा नाय.”

“तिथे ऊब धरते. आठ दिवसांत बी मरेल.”

“आनि माळ्यावर लेव्ही धरती. तुजं वाचून झालं ना? मंग आता माजं मला करू दे.”

“आठवड्यानं काढ तरी.”

“काडते की. सायबाची येजा थांबली की काडते.”

सायबाची ये-जा थांबली नाही. एप्रिलमध्ये, माझी परीक्षा संपून मी आत्याकडे गेलो असताना, ते स्वतः सायकलवरून तिच्या अंगणात आले. पट्टेवाला बरोबर होता. आत्या दारातच उभी राहिली. अध्यक्ष बाजेवर बसले. उकिरडा तिथून दहा पावलांवर होता. त्यांनी नाकाला मफलर लावला आणि आपण सरकारी कामाने आलो नसल्याचे सांगितले. कविता अलिबागच्या एका साप्ताहिकाकडे पाठवायची होती. त्याआधी ते तांबडे भात एकदा डोळ्यांनी पाहावे, कुसळांचा रंग किरमिजी आहे की शेंदरी याची खात्री करावी, एवढीच इच्छा होती.

“मूठभर असलं तरी पुरे,” ते म्हणाले.

“संपलं, सायेब,” आत्या म्हणाली. “औंदा नदीनं नेलं.”

“एक लोंबीसुद्धा नाही?”

“नाय. आनि आसती तर भाच्यानं लिवली नसती व्हय?”

ते हसले. मग त्यांनी आत्याला ती कविता म्हणून दाखवली. तिने दाराच्या चौकटीला टेकून सातही कडवी ऐकली आणि चांगली हाय म्हणून सांगितले. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो.

“साहेब, त्या दिवशी तुम्ही तक्ता उतरवून घेतलात का?” मी विचारले.

“कसला तक्ता?”

“शेवटच्या पानावरचा.”

“नवव्या पानानंतर मी काही ऐकलंच नाही हो,” ते म्हणाले. “माफ करा. यमक जुळत नव्हतं.”

मी परत येऊन हे आत्याला शब्दशः सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. “सायेब लोक आसंच म्हंत्यात,” ती म्हणाली. “आनि तुज्यावर कोन इश्वास ठेवल? मीच तर समद्यांना सांगितलंय, थापाड्या म्हनून.” तिने खड्ड्यावर आणखी दोन पाट्या शेण टाकले.

मे महिन्यात साप्ताहिकात कविता छापून आली. कुसळे शेंदरी होती. त्याच महिन्यात कॉलेजचे पत्र आले. चौकटीत नमूद केलेली सभा मान्य सभांच्या यादीत नसल्याने, तसेच सोबतचा दाखला उमेदवाराच्या विरुद्ध असल्याने, अर्जाचा विचार करता येत नव्हता. यादी मागवली तर ती अद्याप तयार झालेली नाही, असे उत्तर आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीला चार दिवस असताना, आत्याने खड्डा उकरला. बाहेरचा पेंढा काळा पडला होता आणि मुडे हाताला गरम लागत होते. मी तिन्हींतून शंभर-शंभर दाणे मोजून घेतले आणि ओल्या फडक्यांत ठेवले. पाच दिवस आत्या फडक्यांजवळ आली नाही. पाचव्या दिवशी ती आली आणि समोर बसली. मी मोजले. निरगुडीचा मुडा, शून्य. राखेचा मुडा, शून्य. साधा मुडा, चार.

“चार कशापायी?” तिने विचारले.

मी वहीत चार लिहिले. त्या वर्षी तिने दोन्ही खाचरांत शेजाऱ्याकडचे बी लावले. ते चार दाणे मात्र तिने माझ्या फडक्यातून नखाने उचलले आणि परसात, मोरीच्या पाण्याला, काटे रोवून लावले. एक रोप म्हशीने खाल्ले. जुलैत मला मुंबईला एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपासायचे काम मिळाले. ऑक्टोबरात शाळेतल्या कोणाकडून लिहवून घेतलेले आत्याचे कार्ड आले. तीन रोपांना लोंब्या धरल्या होत्या.